लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट पहिल्यांदा हातात येतो तेव्हा: ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल समजून घेण्यासाठी

रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज थांबलं की त्या बाहेर काढायच्या, हे माझं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. नळीच्या तळाला लाल पेशी बसलेल्या असतात, त्यावर जेलचा थर आणि सगळ्यात वर फिकट पिवळा सीरम, इतका नितळ की मागे धरलेलं अक्षर त्यातून वाचता यावं. पण अधूनमधून एखादी नळी निघते ती दुधासारखी पांढरट, गढूळ. मशीनला लावायच्या आधीच कळतं की या माणसाचं ट्रायग्लिसराइड पुष्कळ वाढलेलं आहे. अशी नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर कधी कधी सकाळी तिच्यावर साय धरलेली दिसते. अगदी दुधावर धरते तशी. ती साय म्हणजे अन्नातली चरबी वाहून नेणारे कण. बारा तासांच्या उपासानंतर ते रक्तात उरायलाच नको होते.

ज्याचं ते रक्त, तो माणूस बाहेर खुर्चीवर शांत बसलेला असतो. त्याला काही दुखत नाही, काही खुपत नाही. आणि ज्याचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, खूप वाढलेलं आहे त्याची नळी तर आणखी फसवी. ती स्वच्छ पिवळीच असते, निरोगी माणसाच्या नळीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही.

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट न्यायला येणारे लोक मात्र दोन्हींना एकच नाव देतात: “कोलेस्टेरॉल वाढलंय.” मग कुणी तूप बंद करतं, कुणी अंडी, आणि तीन महिन्यांनी आकडा तसाच बघून निराश होतं. ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल यांची वाढायची कारणं वेगळी, धोके वेगळे आणि उपायही बरेचसे वेगळे. आपलं नेमकं काय वाढलंय हे आधी कळलं तर पुढची मेहनत कारणी लागते. म्हणून ही वाट सुरुवातीपासून, एकेक टप्पा घेत चालू या.

आधी दोघांची ओळख

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. प्रत्येक पेशीचं आवरण, अन्न पचवणारं पित्त, ड जीवनसत्त्व, कितीतरी हॉर्मोन्स या सगळ्यांना ते लागतं, म्हणून यकृत ते रोज तयार करतं. रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा असा शरीरातच बनलेला असतो, खाण्यातून येणारा त्यामानाने लहान. त्यामुळे काटक, मोजकं जेवणाऱ्या, आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसाचंही एलडीएल २०० इतकं जास्त निघू शकतं. त्यात त्याचा काही अपराध नसतो.

ट्रायग्लिसराइड म्हणजे इंधन. स्वयंपाकाचं तेल जवळजवळ सगळं ट्रायग्लिसराइडच असतं, आणि पोटावर साठते ती चरबीही तीच. जेवणातली लगेच न लागलेली साखर आणि पिष्ट यांचीही यकृत चरबी करतं आणि ती रक्तात सोडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तेल पाण्यात मिसळत नाही, तसे हे दोन्ही पदार्थ रक्तात मोकळे फिरू शकत नाहीत. त्यांना प्रथिनांच्या वेष्टणात बसून प्रवास करावा लागतो. यकृतातून ट्रायग्लिसराइड घेऊन निघणारी गाडी म्हणजे व्हीएलडीएल. वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना इंधन वाटत ती रिकामी होत जाते आणि शेवटी उरते ती कोलेस्टेरॉलने भरलेली लहान गाडी, एलडीएल. एचडीएल उलट दिशेने, पेशींतलं जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्याचं काम करतं. कोलेस्टेरॉल सगळीकडे तेच. ‘चांगलं’ (एचडीएल) आणि ‘वाईट’ (एलडीएल) ही नावं गाड्यांना पडली आहेत.

यकृताच्या पेशींवर एलडीएलला रक्तातून उचलून आत घेणारे ग्राहक असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ते शोधले, त्यासाठी त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण एलडीएलबद्दलच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर इथे येऊन थांबतं. रिसेप्टर भरपूर असले तर एलडीएल उतरतं, कमी पडले तर रक्तात साचतं.

रक्त द्यायला जाण्याआधी

पहिल्या साध्या तपासणीला आता सगळीकडे उपाशीपोटी यायचा आग्रह धरत नाहीत. जेवणानंतर एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल फारसं हलत नाही, ट्रायग्लिसराइड तेवढं वर जातं. पण ट्रायग्लिसराइड आधी वाढलेलं निघालं असेल किंवा न जेवता या असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर नऊ ते बारा तास पोट रिकामं हवं. पाणी जरूर प्या. चहा-कॉफी नको, बिनसाखरेचीही नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशी दिवशी ते कधी घ्यायचं हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण रक्तातली साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

आदल्या दोन-तीन दिवसांत नेहमीसारखंच खा. तपासणी आहे म्हणून आठवडाभर पथ्य पाळून आलात तर रिपोर्ट त्या आठवड्याचा येईल, तुमचा नाही. दारू मात्र टाळा. एका गृहस्थांचं ट्रायग्लिसराइड ४८० आलं होतं. विचारल्यावर म्हणाले, “रात्रीपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही हो.” ते खरंच होतं, पण त्याआधीच्या दोन्ही संध्याकाळी त्यांनी भरपूर दारू घेतली होती. तीन आठवड्यांनी, मधे दारू न घेता, पुन्हा रक्त दिलं तेव्हा आकडा २१० होता.

ताप, मोठं आजारपण, शस्त्रक्रिया यांतून नुकते उठला असाल तर काही आठवडे थांबा. आजारपणात कोलेस्टेरॉल खाली येतं आणि सगळं ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळतो. गरोदरपणात दोन्ही आकडे आपसूक वाढतात, ती शरीराची गरज असते. घाईने चालत आला असाल तर पाच-दहा मिनिटं बसा आणि मग हात पुढे करा.

रिपोर्ट असा वाचा

कागदावर सगळ्यात वर ‘एकूण कोलेस्टेरॉल’ छापलेलं असतं आणि नजर तिथेच अडकते. सगळ्या आकड्यांत कमी सांगणारा आकडा तोच. २०० च्या आत चांगलं, २०० ते २३९ काठावर, २४० च्या पुढे जास्त, अशी त्याची विभागणी आहे. पण त्यात एलडीएल, एचडीएल आणि व्हीएलडीएल तिघांचं कोलेस्टेरॉल एकत्र मोजलेलं असतं, म्हणून त्यावर थांबू नका.

इथे दिलेले आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. तुमच्या रिपोर्टवर मिलिमोल असतील तर कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला ८८.६ ने गुणा. १.७ मिलिमोल ट्रायग्लिसराइड म्हणजे १५०.

ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी १५० च्या खाली असावं. १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त, ५०० आणि पुढे अतिशय जास्त. एलडीएल १०० च्या खाली उत्तम, १३० पासून काठावर, १६० पासून जास्त आणि १९० पासून अतिशय जास्त मानतात. पण एलडीएलची ‘योग्य’ पातळी माणसागणिक बदलते, हे रिपोर्टवरच्या छापील चौकटीत लिहिलेलं नसतं. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय त्याच्यासाठी १०० हा आकडा समाधानाचा नाही. त्याचं एलडीएल ७० च्या खाली न्यायचा प्रयत्न असतो, आणि २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तर ५५ च्या खाली सांगितलं आहे. म्हणून शेजारच्या माणसाचा रिपोर्ट आणि आपला रिपोर्ट लावून बघण्यात अर्थ नाही.

एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि बायकांत ५० पेक्षा कमी असलं तर ते कमी. जास्त एचडीएल म्हणजे कवचकुंडलं, असं मात्र समजू नका. ते वाढवणाऱ्या औषधांकडून फार आशा होत्या. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल वाढवलं, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले आणि २००६ साली ती चाचणी थांबवावी लागली. कमी एचडीएल हा इशारा म्हणून वाचा, मुद्दाम वाढवायची वस्तू म्हणून नको.

आता एक बेरीज-वजाबाकी करू. दोन माणसं घ्या, दोघांचं एकूण कोलेस्टेरॉल २३६.

पहिल्याचं एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २६०. दुसरीचं एचडीएल ७६, ट्रायग्लिसराइड ९०.

बऱ्याच प्रयोगशाळांत एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. पहिल्याचं २३६ वजा ३६ वजा ५२, म्हणजे १४८. दुसरीचं २३६ वजा ७६ वजा १८, म्हणजे १४२. दोघांत फरक जेमतेम सहाचा, दोघं सारखेच वाटतात.

पण एकूणातून फक्त एचडीएल वजा करा. पहिल्याचे २०० उरले, दुसरीचे १६०. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या गाड्यांचा माल यात मोजला जातो, एलडीएलच्या आधीच्या अर्धवट रिकाम्या गाड्यांचासुद्धा. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असतं तेव्हा याच गाड्यांची गर्दी असते. म्हणून ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या माणसाने एलडीएलपेक्षा नॉन-एचडीएलवर लक्ष ठेवावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याची मर्यादा सोपी: तुमच्या एलडीएलच्या मर्यादेत ३० मिळवा. तुमच्या रिपोर्टवर हा आकडा छापलेला नसेल तर वजाबाकी घरी करता येते.

हे सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की चालत नाही. तेव्हा एलडीएल थेट मोजायला सांगावं लागतं किंवा आधी ट्रायग्लिसराइड खाली आणून मग पुन्हा बघावं लागतं. रिपोर्टवर एलडीएलच्या जागी रेघ दिसली तर घाबरू नका, कारण बहुधा हेच असतं.

एका रिपोर्टवर आयुष्याचे निर्णय घेऊ नका हेही सांगते. ट्रायग्लिसराइड त्याच माणसात, काही बदल न करता, एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात २० टक्के वर-खाली होऊ शकतं. १७० चं १४५ झालं म्हणजे पथ्याला यश आलं आणि १४५ चं १७० झालं म्हणजे घात झाला, असं नसतं. ४२० चं १८० झालं, तर तो खरा बदल.

धोका नेमका कशाचा

एलडीएलचं काम संथ असतं. रक्तात ते जास्त असलं की त्याचे कण धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथे अडकून राहतात. त्यांना साफ करायला आलेल्या पांढऱ्या पेशी ते खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हा थर वाढत जातो. कितीतरी वेळा तो धमनी पूर्ण बंद करण्याइतका मोठा नसतोच, पण एक दिवस त्याचं वरचं आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. हृदयाच्या धमनीत झालं तर झटका, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत झालं तर पक्षाघात. एलडीएल किती आणि ते किती वर्षं तसं राहिलं, दोन्हींचा हिशेब लागतो. म्हणून तिशीतलं १७० हे “नंतर बघू” म्हणून सोडण्यासारखं नसतं.

हा धोका एकटा कधी मोजत नाहीत. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, मूत्रपिंडाचा आजार, आई-वडील-भावंडांत कमी वयात आलेला झटका, हे सगळं एकत्र धरून डॉक्टर दहा वर्षांचा अंदाज काढतात. एलडीएल १४० असलेल्या दोघांपैकी एकाला गोळी आणि दुसऱ्याला नुसता सल्ला मिळाला, तर त्याचं कारण हे.

ट्रायग्लिसराइडचा धोका दोन प्रकारचा. १५० ते ४९९ मध्ये तो हृदयाचाच, त्या अर्धवट रिकाम्या गाड्यांमुळे. शिवाय हा आकडा पुष्कळदा आणखी कशाचा तरी निरोप घेऊन आलेला असतो: इन्सुलिन नीट काम करत नाही, यकृतात चरबी साचते आहे, मधुमेह उंबरठ्यावर आहे. वाढलेला कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, कमी एचडीएल, १३०/८५ किंवा जास्त रक्तदाब, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, या पाचांपैकी तीन जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी उपचार या सगळ्यावर मिळून करावा लागतो.

५०० च्या पुढे दुसरा धोका सुरू होतो, आणि हजाराच्या पुढे तो फार वाढतो: स्वादुपिंडाला अचानक सूज येणं. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ, ती पाठीत जाणं, उलट्या, पुढे वाकून बसल्यावर किंचित बरं वाटणं. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं आहे हे माहीत असलेल्या माणसाला अशी कळ आली तर ॲसिडिटीची गोळी देत घरी बसू नका, तडक इस्पितळ गाठा. या आजारात जीव जाऊ शकतो. म्हणूनच एवढा मोठा आकडा आला की डॉक्टर आधी तो खाली आणायच्या मागे लागतात, एलडीएलचा विचार नंतर.

छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, दम लागणं, थंड घाम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, यांतलं काही झालं तर लिपिडचा रिपोर्ट शोधत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा.

का वाढलं, याचा शोध घ्या

हा टप्पा लोक गाळतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण कधी कधी सगळं उत्तर इथेच सापडतं. थायरॉइड मंद असलं तर एलडीएल वाढतं, बऱ्याचदा ट्रायग्लिसराइडही, आणि थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर दोन्ही उतरतात. मधुमेह ताब्यात नसला की ट्रायग्लिसराइड उसळतं. लघवीतून प्रथिनं जाणारा मूत्रपिंडाचा आजार, पित्ताची वाट अडवणारे यकृताचे आजार यांतही आकडे बिघडतात. म्हणून पहिल्यांदा मोठा आकडा आला की टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवी आणि यकृताच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे विचारा.

मग औषधांची यादी काढा, अंगाला लावायची सोडून बाकी सगळी. स्टेरॉइड, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, मुरमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनोइन, मानसिक आजारांवरची काही औषधं, रक्तदाबाच्या काही गोळ्या ट्रायग्लिसराइड वाढवतात. ती स्वतःहून बंद करू नका, यादी डॉक्टरांपुढे ठेवा. बायकांमध्ये पाळी गेल्यावर एलडीएल वर चढतं, त्यामुळे पन्नाशीच्या आधीचा चांगला रिपोर्ट पुढे कायम धरून चालत नाही.

आणि घराण्याचा इतिहास. फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया नावाचा आनुवंशिक प्रकार साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. एलडीएलचे ते रिसेप्टर जन्मापासून अपुरे किंवा सदोष असतात. मोठ्या माणसाचं एलडीएल १९० च्या पुढे असेल, टाचेमागच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीवर) किंवा बोटांच्या सांध्यांवर कडक गाठी असतील, घरात चाळिशी-पन्नाशीत झटके आलेले असतील, तर हा प्रकार आहे का ते तपासून घ्यायलाच हवं. पापण्यांवरचे पिवळे चट्टे आणि कमी वयात बुबुळाभोवती दिसणारं पांढरं कडं या खुणाही कधी दिसतात. एकात तो सापडला की भावंडांचं आणि मुलांचंही रक्त तपासा. प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि लवकर कळलं तर उपचाराने पुढची कितीतरी वर्षं वाचतात.

लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखीच आणखी एक गाडी) ही तपासणीही आयुष्यात एकदा करून घ्यावी. तो आकडा जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतो, खाण्याने बदलत नाही, आणि ५० मिलिग्रॅमच्या पुढे असला तर बाकीचं सगळं अधिक काटेकोर सांभाळावं लागतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो नसतो, वेगळा सांगावा लागतो.

ट्रायग्लिसराइड वाढलंय त्यांच्यासाठी

यकृत साखरेची चरबी करतं, हे वर आलंच. म्हणून इथे पहिला हात तेलाला घालायचा नाही, साखरेला घालायचा. गोड पेयं, फळांचे रस, बिस्किटं, मैद्याचे पदार्थ, पॉलिश केलेल्या धान्याचा मोठा वाटा, हे कमी करा. फळ चावून खा, पिऊ नका. ‘फॅट फ्री’ लिहिलेला डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. चरबी काढल्यावर चव राखायला तिथे साखर घातलेली असू शकते, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असल्याने साखर पहिल्या तिनात दिसली तर तो डबा परत ठेवा.

दारू पूर्ण सोडा, निदान आकडा उतरेपर्यंत. ५०० च्या पुढे असलेल्यांनी तर थेंबही नको.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरवल्यावर ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या भागाने कमी होतं. ८० किलोच्या माणसाला हे चार ते आठ किलो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं त्याला जोडा. स्नायू चालू लागले की इंधन वापरलं जातं, आणि हा फरक काही आठवड्यांत रिपोर्टवर दिसतो. म्हणूनच मला ट्रायग्लिसराइडवाल्या लोकांबद्दल आशा वाटते. मेहनतीला इतक्या लवकर दाद देणारा आकडा त्या कागदावर दुसरा नाही.

हजाराच्या पुढे गेलेल्यांचं पथ्य मात्र वेगळं. तिथे सगळ्या प्रकारचं तेल-तूप, ‘हृदयाला चांगली’ म्हणवणारी तेलंसुद्धा, काही काळ अगदी थोड्यावर आणावी लागतात. हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच करायचं.

एलडीएल वाढलंय त्यांच्यासाठी

इथे चरबीचा प्रकार महत्त्वाचा. सॅच्युरेटेड फॅट यकृतावरचे एलडीएलचे रिसेप्टर कमी करतं. लोणी, तूप, साय, चीज, चरबीदार मांस, पाम तेल, खोबरेल तेल यांत ते भरपूर. त्यांच्या जागी शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल, ऑलिव्ह, सोयाबीन यांचं तेल आणि सुका मेवा आला तर एलडीएल उतरतं. नुसतं कमी करून त्याजागी मैदा-साखर भरली तर काही साधत नाही, उलट ट्रायग्लिसराइड चढतं. जागतिक आरोग्य संघटना सॅच्युरेटेड फॅट रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत आणि ट्रान्स फॅट १ टक्क्याच्या आत ठेवायला सांगते. ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट, एलडीएल वाढवतं आणि एचडीएल कमी करतं. पाकिटावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ दिसलं की ते नको.

पाण्यात विरघळणारे तंतू दुसऱ्या बाजूने मदत करतात. ओट्स, बार्ली, डाळी-कडधान्यं, सफरचंद, इसबगोल यांतले हे तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतात. नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातून उचललं जातं. अंड्यातल्या पिवळ्या बलकाचा बाऊ आता पूर्वीइतका राहिलेला नाही. बहुतेकांच्या रक्तावर त्याचा परिणाम सॅच्युरेटेड फॅटपेक्षा कमी होतो. मधुमेह किंवा आनुवंशिक प्रकार असेल तर किती खायची हे विचारून घ्या.

एक सावधगिरी. धान्य जवळपास बंद करून चरबीवर भर देणाऱ्या आहाराने ट्रायग्लिसराइड झरझर उतरतं, पण काहींचं एलडीएल फार वर जातं. असा आहार घेत असाल तर दोन-तीन महिन्यांनी एलडीएल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तंबाखूबद्दल थोडक्यात: धूम्रपानाने एचडीएल कमी होतं आणि धमनीचं अस्तर बिघडतं. ते सुटलं तर बाकी प्रत्येक उपाय जास्त लागू पडतो.

गोळी सुरू करायला सांगितली तर

एलडीएल उतरवायला बहुधा आधी दिल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे स्टॅटिन. त्यांचं मूळ जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीत शोधलं. लोव्हास्टॅटिन हे यातलं पहिलं औषध १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखतं, मग यकृत गरज भागवायला आपल्या पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर काढतं आणि रक्तातलं एलडीएल उचलतं. जोरदार मात्रेने एलडीएल निम्म्याहून खाली येऊ शकतं. एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटनांचा धोका सुमारे पाचव्या भागाने कमी होतो, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक मी काउंटरवरच ऐकते: “रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली.” रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या जागी परत येतं.

काहींना स्नायू दुखतात. तेव्हा मनाने न थांबता डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलून बऱ्याच जणांचं जमतं. स्नायू फार दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. रक्तातली साखर किंचित वाढू शकते, आधीच काठावर असलेल्यांना मधुमेह थोडा लवकर येतो, पण ज्यांना गोळीची खरी गरज आहे त्यांना होणारा फायदा त्याहून मोठा असतो. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर लगेच कळवा, गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात.

स्टॅटिन पुरलं नाही तर आतड्यातलं शोषण कमी करणारं इझेटिमाइब जोडतात. त्यापुढे पीसीएसके९ (एलडीएलचे रिसेप्टर मोडीत काढणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं आहेत, ती २०१५ पासून वापरात आली. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असेल तर फेनोफायब्रेट किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं जादा मात्रेचं ओमेगा-३ देतात. दुकानातून उचललेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल त्याची जागा घेत नाहीत, त्यांत औषधी मात्रेच्या मानाने ओमेगा-३ फार कमी असतं.

पुन्हा तपासणी

औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी, मग स्थिर झाल्यावर ३ ते १२ महिन्यांनी. नुसत्या पथ्यावर असाल तर तीन महिन्यांनी. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, तितक्याच तासांच्या उपासाने.

येताना जुना रिपोर्ट बरोबर आणा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहून ठेवा: वजन, कमरेचा घेर, कुठली गोळी किती मात्रेची, मागच्या दोन आठवड्यांत ताप आला का, दारू घेतली का. डॉक्टरांपुढे बसल्यावर विचारायला चार प्रश्न पुरतात: माझं एलडीएल आणि नॉन-एचडीएल कितीच्या खाली हवं, माझं ट्रायग्लिसराइड कशामुळे वाढलंय, घरातल्या कुणाची तपासणी करायची का, आणि मी पुन्हा कधी येऊ. उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या.